पहिला क्रमांक कुणालाच नाही

एस्तेर मॅडम गेल्याचं मला कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. एकेकाळी त्यांना ज्या ग्रुपमधून काढून टाकलं होतं, त्याच ग्रुपवर. मी स्टाफरूममध्ये बसले होते, आणि बघता बघता जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. 'मायाळू', 'मितभाषी', 'कधी कुणाला दुखावलं नाही'... वाचत गेले तसं रडू यायच्या ऐवजी राग आला. कुणाला दुखावलं नाही? सोलापुरातल्या कितीतरी शिकलेल्या माणसांना या बाईनं दुखावलं होतं. मलाही. माझ्या पहिल्या निबंधाखाली त्यांनी लिहिलं होतं, 'छान वाटतं. खरं आहे का?' मी त्यांची विद्यार्थिनी, पुढं त्याच कॉलेजात इतिहास शिकवू लागले आणि त्यांची मैत्रीण झाले. आता काही आठवडे उलटलेत, म्हणून जरा शांतपणे लिहिते आहे. पण गोडगोड लिहिणार नाही, त्यांना ते चाललं नसतं.

मॅडम मराठी शिकवायच्या. वडील चर्चमध्ये पाळक होते. रोज संध्याकाळी घरात बायबल मोठ्यानं वाचलं जायचं, आणि वाचून झालं की वडील मुलांना अर्थ विचारायचे. सांगता आला नाही तर पुन्हा वाचायला लावायचे. ती शिस्त मॅडमनी वर्गात आणली. गुण वाढवून मागायला पालक यायचे. एकदा एक बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या, "मॅडम, गरिबाचं पोरगं हाय, पास करा की." मॅडम म्हणाल्या, "गरिबाचं आहे म्हणूनच नाही करणार. त्याला येत नाही हे आज मी सांगितलं नाही, तर उद्या नोकरी देणारा सांगेल, आणि तो काही शिकवत बसणार नाही. उद्यापासून कॉलेज सुटल्यावर पाठवा माझ्याकडं." तो मुलगा पुढची परीक्षा पास झाला. त्या बाईंनी मात्र मॅडमशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

पण खरी ठिणगी पडली ती वादविवाद स्पर्धेत. विषय होता, धरणाचं पाणी आधी शहराला की शेतीला. परीक्षक आम्ही दोघी. शेवटच्या फेरीत एका बाजूला शहरातला नावाजलेला वक्ता, ढाली जिंकून कंटाळलेला. दुसऱ्या बाजूला मंगळवेढ्याकडची मनीषा, आमच्याच कॉलेजातली. ती शेतीच्या बाजूनं पोटतिडकीनं बोलली. तो उठला आणि म्हणाला, "जिला धड 'आहे' म्हणता येत नाही, ती आपल्याला पाण्याचा हिशोब शिकवणार!" सभागृह खदखदून हसलं, शिट्ट्या वाजल्या. मॅडमनी पेन खाली ठेवलं. निकालाच्या वेळी त्या माईकवर गेल्या आणि म्हणाल्या, "माणसाची टिंगल केल्याबद्दल हा स्पर्धक बाद. मनीषाचा अपमान झाला, त्याचं मला वाईट वाटतं. पण 'सगळे म्हणतात' यापलीकडं तिनं एकही पुरावा दिला नाही. पहिला क्रमांक कुणालाच नाही." निकालपत्रावर माझीही सही होती, आणि ती मी आजही अभिमानानं करीन.

संस्थेच्या सचिवांनी आम्हाला लगेच केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, पाहुणे येऊन बसलेत. ढाल कुणाला तरी द्यावीच लागते."

"ढाल तुमची, सर. गुण माझे," मॅडम म्हणाल्या. "समोरचा माणूस देवाच्या प्रतिमेत घडलाय असं मी मानते. तुम्ही मानलंच पाहिजे असं नाही. पण त्याची टर उडवणाऱ्याला माझ्या हातून बक्षीस जाणार नाही. आणि कीव करून त्या मुलीचे गुण वाढवले, तर मीही तिची टरच उडवली असं होईल."

दोन्हीकडचे लोक भडकले. एकांना वाटलं बाई शहराच्या विरोधात, दुसऱ्यांना वाटलं बाईंना काळीज नाही. मग ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की मिशनवाल्या बाई आपल्या पोरांना काय शिकवणार. मॅडमनी एका ओळीत उत्तर दिलं, 'मुद्दा असेल तर उद्या वर्गात या, चहा देते.' त्याच संध्याकाळी त्यांना ग्रुपमधून काढलं, स्पर्धेच्या समितीतूनही. चहाला अर्थात कुणी आलं नाही.

आली ती मनीषा. डोळे लाल. "मॅडम, त्यो मला हसला, आन् तुमी मलाच मार्क न्हाय दिलं व्हय?"

"बस," मॅडम म्हणाल्या. "त्यानं जे केलं त्याची शिक्षा त्याला दिली. आता तुझ्या मुद्द्याचं बोलू. शहराला पाणी का द्यावं, ते तू सांग मला. त्याच्यापेक्षा चांगलं सांग."

ती चिडून निघून गेली. पुढच्या आठवड्यात परत आली, पाण्याचे अहवाल वाचून. मग दर शुक्रवारी येऊ लागली, दोघीतिघींना घेऊन, आणि समितीतून काढलेल्या बाईंचा वादविवादाचा एक तास आपोआप सुरू झाला. त्याला परवानगी नव्हती. मॅडमनी मागितलीही नाही.

शोकसभेत पुन्हा तेच सुरू झालं... मायाळू, मितभाषी. मनीषा आता कुर्डुवाडीला शिक्षिका आहे. ती उठली आणि माईक हातात घेऊन, सगळ्यांकडं रोखून बघत म्हणाली, "बाईंनी मला 'आहे' म्हणायला शिकवलं न्हाय. पुरावा आणायला शिकवलं." आणि खाली बसली. सभागृहात कुणी हसलं नाही.

नंतर सचिवांचा मला फोन आला. मॅडमच्या नावानं फिरती ढाल सुरू करायची म्हणत होते. मी म्हटलं, जरूर करा, पण नियमात लिहा की लायक कुणी नसेल तर ढाल दिली जाणार नाही. "अहो, मग पाहुण्यांना काय सांगायचं?" "सांगायचं, यंदा कुणी नीट बोललं नाही." ते म्हणाले, "तुम्ही पण त्यांच्यासारख्याच की हो!" मी म्हटलं, "आभारी आहे."

ढाल काही निघाली नाही. शुक्रवारचा तास आता मी घेते. मुलं बाक फिरवून समोरासमोर लावतात. परवा तास संपल्यावर शिपाई दारात आले आणि म्हणाले, "मॅडम, बाक सरळ करू? उद्या सचिवसाहेबांनी बघितलं तर बोलतील." मी म्हटलं, "राहू द्या तसेच. साहेबांना म्हणावं, या, समोर बसा आणि काय चुकलं ते सांगा."