राखेचं शेत

मुळशीत आमच्या विकलेल्या भातखाचरांवर आता रिसॉर्ट उभं आहे. परवा तिथल्या भिंतीवर बर्फात बुडालेल्या गावाचं चित्र दिसलं. जवळून नुसते रंगाचे फटकारे, लांबून निळसर पांढरी शेतं. लहानपणी हेच चित्र आमच्या घरी कॅलेंडरवर होतं.

एकदा आई भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून आली होती. केसांना राबाच्या धुराचा वास होता. चित्र बघून म्हणाली, "कुनाचा राब गं ह्यो? राख लई झ्याक पसरलीया."

"आये, बरफ हाय त्यो!" मी हसले.

तरी तिनं चित्रावर तळवा टेकवला. "निवलीया. आता पेरायला हरकत न्हाई."

परवा मीही तळवा टेकवला. चित्रावरची काच गार होती. निवलीया गं आये, पण आता पेरायचं कुटं?