हरीभाऊ जॉबर आणि एकच मालक

ईशा, निनाद,

रविवारी फोनवर ईशा म्हणाली, "आजी, दुसरी कंपनी जास्त पगार द्यायला तयार आहे, पण माझा व्हिसा या कंपनीच्या नावावर आहे. म्हणून गप्प बसते." फोन ठेवला आणि मला आपल्या भिवंडीचे हरीभाऊ आठवले. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

हरीभाऊ भिवंडीतल्या नारपोलीत जॉबर होते, म्हणजे बिघडलेले यंत्रमाग नीट करणारे कारागीर. शेठ पगार वाढवायला कां-कूं करू लागला की ते वाद घालत नसत. हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून सरळ शेजारच्या कारखान्यात जाऊन बसत. "शेठ, राग न्हाय हो. तुमचा चहा लय झाला, आता यांचा पिऊन बघतो." तो चहा निवायच्या आत शेठ स्वतः दारात हजर. "चल भाई हरी, तेरा ही सही." त्यांचा पगार असाच वाढत गेला.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांना आखातातल्या एका कापड कारखान्यात नोकरी लागली. करार इंग्रजीत होता. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, म्हणून तो घेऊन ते माझ्याकडे आले. पगार, जेवण, राहणं, रजा, सगळं मी मराठीत नीट सांगितलं. शेवटच्या पानावर एक ओळ होती: व्हिसा देणाऱ्या मालकाखेरीज इतर कोणाकडेही काम करता येणार नाही.

"हे काय हाय, बाई?" त्यांनी बोट ठेवून विचारलं.

"ते नेहमीचंच असतं," मी म्हणाले आणि कागद घडी करून त्यांच्या हातात दिला.

तिथे वर्षभरात त्यांनी बंद पडलेले माग सुरू केले, नव्या लोकांना काम शिकवलं. पगार होता तिथेच राहिला. मग त्यांनी नारपोलीत करायचे तेच केलं. पिशवी उचलली आणि रस्त्यापलीकडच्या कारखान्यात गेले. तिथल्या मॅनेजरने त्यांच्याकडून एक माग दुरुस्त करून घेतला, खुशीने जास्त पगार कबूल केला आणि विचारलं, "रिलीज लाये हो?" रिलीज म्हणजे पहिल्या मालकाचं सोडल्याचं पत्र. तो मालक ते देईना. पासपोर्टही त्याच्याच कपाटात. संध्याकाळी हरीभाऊ जुन्याच कारखान्यात, जुन्याच पगारावर उभे होते. करार संपेपर्यंत त्यांनी पुन्हा वाढ मागितली नाही.

परत आल्यावर ते खजूर घेऊन भेटायला आले. मी म्हणाले, "हरीभाऊ, चूक माझी. ती ओळ मी समजावून सांगायला हवी होती."

"तुमाला तरी कसं कळावं, बाई? तुमाला कुठं कुणी डांबून ठेवलंय?" ते हसले. मग म्हणाले, "माझं काम त्याला ठाऊक होतं, म्हणून तर सोडीना. आणि मी कुठं जाऊ शकत न्हाय, हेबी ठाऊक होतं. मग पगार कशाला वाढवल?"

त्यानंतर परदेशी निघालेल्या प्रत्येकाला ते माझ्याकडे धाडू लागले. "पगार मागनं विचार. सोडता येतं का, ते आधी बाईंकडनं वाचून घे."

हरीभाऊंना जाऊन बरीच वर्षं झाली. नारपोलीची माणसं अजूनही करार घेऊन माझ्याकडे येतात. आता तो मोबाइलवर असतो. मी शेवटच्या पानापासून वाचायला लागते.