चंद्रीचे कान

कागद घेऊन येणाऱ्या कुणावरच कसबा बावड्यातल्या आकारामचा भरवसा नव्हता. दिवाळी पाडव्याला सजवलेल्या म्हशी मोटारसायकलीमागं पळवायची तिथली जुनी रीत. गाडीचा सायलेन्सर काढायचं खूळ मात्र अलीकडचं. आदल्या दिवशी गल्लीतली सोनल सह्या घ्यायला आली.

"काका, मिरवणूक होऊ दे, फक्त सायलेन्सर काढू नका. म्हशी बुजतात."

आकारामनं कागद उलटा करून मागची बाजूही तपासली. "कुणी धाडलंय तुला? आज सायलेन्सर, उद्या मिरवणूकच बंद करशील. माझी चंद्री आवाजावर न्हाय, माझ्या हाकेवर पळती."

ते दाखवायला तो गाडी न घेताच, नुसती हाक देत चौकाकडं धावला. चंद्री मागोमाग आली, कान सैल सोडून. दरवर्षी मिरवणुकीत ते कान मानेला चिकटलेले असायचे, हे त्याला आत्ता आठवलं.

सोनलनं पुन्हा सही मागितली नाही, तसा त्याचा संशय आणखीच वाढला.

घरी येऊन त्यानं कडब्यामागं टाकलेला सायलेन्सर शोधला आणि गाडीला बसवला.

"मी सही केलेली न्हाय," तो बायकोवर खेकसला. "कुणी विचारलं तर सांग."