बाजारच्या दिवशीचा पाव

बाभुळगावचा बाजार करून रामराव कधीच सरळ घरी यायचा नाही. तो बांधाबांधानं आधी वावरात यायचा. उपरण्याच्या गाठोड्यात गफूरभाईच्या भट्टीतले पाव असायचे, अजून ऊबदार, वरून खरपूस आणि बाभळीच्या धुराचा वास लागलेले. कधी नानकटाई, कधी खारी. त्याची बायको शकुबाई लिंबाखाली तीन दगडांवर चहा ठेवून वाटच बघत असायची. पाव चहात बुडवायचा, टपकायच्या आत तोंडात टाकायचा आणि डोळे मिटायचे. खारीचा तर ती एकेक पापुद्रा सोडवून खायची, मग ओटीत पडलेला चुरा बोटानं वेचायची.

"अवं, पाखरं बी इतकं येचत नाहीत," रामराव हसायचा.

"तुमी आणता कायले मंग?" ती म्हणायची आणि त्याच्या हातातला तुकडाही पळवायची. लग्नाला बारा वर्षं झाली, मूल नाही. त्यावरून गावानं तिला काय काय ऐकवलं ते सांगत बसलो तर दिवस पुरणार नाही. पण त्या लिंबाखाली ती सगळं विसरायची. खरंच सुखी असायची.

हे सगळं चोरून चालायचं, कारण घरात पावाचं नाव काढायची सोय नव्हती. थोरला भाऊ बापूजी माळकरी, आणि त्याची बायको इंदूबाई चुलीपाशी कुणाला फिरकू देत नसे. पाव म्हणे ताडी टाकून फुगवतात, कणीक पायानं तुडवतात. पाहिलं कुणीच नव्हतं. पण न पाहिलेल्या गोष्टींवरच माणसं जास्त ठाम असतात, त्याला इलाज नाही.

आणि बापूजी पडला शकुबाईचा भासरा. नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे बाईनं पदर डोळ्यांपर्यंत ओढायचा आणि त्याच्याशी चकार शब्द बोलायचा नाही, ही रीत. बारा वर्षं एका छपराखाली काढून ती त्याच्याशी एकदाही बोलली नव्हती. काही सांगायचं तर इंदूबाईच्या तोंडून.

एकसष्ट साली, ऐन कापूस वेचणीत, रामराव तापानं पडला. ग्लानीत तो सारखा विचारायचा, "बाजार कधी हाय?" घरच्यांना वाटलं, बरळतोय. शकुबाईला नेमकं कळत होतं. पण सांगणार कुणाला? इंदूबाई पेजेची वाटी घेऊन उशाशीच बसलेली. बाजारचा दिवस उजाडला तेव्हा रामराव उरला नव्हता.

दहाव्याला बेंबळा नदीच्या काठी पिंड मांडला आणि सगळे मागं सरून बसले. कावळे समोरच्या झाडावर होते, पण एकही खाली येईना. मेलेल्याची वासना अडकली की कावळा शिवत नाही. मग घरच्या कर्त्यानं ती ओळखून बोलावी लागते.

बापूजीनं हात जोडले. "रामा, तुह्या बायकोले अंतर देणार नाही."

कावळा हलला नाही.

"तुह्यं वावर पडीत ठेवणार नाही, बाप्पा. ये."

ऊन चढलं. लोक चुळबुळू लागले. बायकांत बसलेल्या शकुबाईच्या जिभेवर तो एक शब्द आला होता. बाभुळगाव काही लांब नव्हतं, कुणी सायकल मारली असती तर पाव येऊन पिंडाशेजारी बसला असता. तिनं तोंड उघडलं. समोर भासरा, भोवती सगळं गाव, आणि शब्द पावाचा. तिनं तोंड मिटलं आणि पदर आणखी खाली ओढला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक आंघोळीला उठले.

तिन्हीसांजेला इंदूबाई गोठ्यात गेली होती. शकुबाई माजघरात भिंतीशी बसलेली. बापूजी बाहेरच्या उंबऱ्यावर येऊन बसला, अंगणाकडे तोंड करून, आणि रीत मोडून बोलू लागला.

"रामा मलेही पाव आणून देत होता. खळ्यावर बसून खात होतो आमी दोघं. इंदूले मालूम नाही." त्यानं गळ्यातली माळ चाचपली. "घाटावर मले समजून राह्यलं होतं, त्याले काय पाह्यजे थे. पन गळ्यात माळ, समोर एवढे लोक. तोंडातून शब्दच नाही निघाला."

आत शकुबाईच्या अंगाचा नुसता संताप झाला होता. मग ती बोलली, बारा वर्षांत पहिल्यांदा.

"मले तं बोलता येत नव्हतं, बापूजी. तुमाले येत होतं."

बापूजीनं उपरणं तोंडात कोंबलं आणि तो लहान पोरासारखा हमसून रडू लागला. तिला त्याची दया आली, आणि दया आल्याचाही राग आला. रामरावानं दोघांनाही आपल्या हातानं भरवलं होतं, आणि दोघांनी मिळून त्याला उपाशीच वाटेला लावलं होतं. दहावा दिवस काही पुन्हा येणार नव्हता.