लॉग मी शोधला

"पोरगी असून 'मी येतो' म्हणते!" सगळ्या ऑफिससमोर तो हसला. मग मालकाला म्हणाला, "काका, हिला कॉलवर बोलू देऊ नका. हिची भाषा ऐकून पुण्याची पार्टी पळेल."

मालक हसले. मीही हसले. त्या माझ्या हसण्याची लाज अजून जात नाही.

खामगावातलं चार टेबलांचं ऑफिस. बीटी कपाशीचं बियाणं विकणाऱ्या दुकानांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवायचो. तो मालकाचा पुतण्या, पुण्यात शिकलेला. मी सोनाळ्याची, आमच्याकडे बायकाही 'मी येतो'च म्हणतात. आई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायची.

मी त्याच्यावर जळायचे. फार जळायचे. त्याच्या तोंडून 'मला', 'तुला' कसं सहज निघायचं. मी न्हाणीत उभी राहून ते घोकायचे. एकदा घरी बोलून गेले, "आई, मला भाकरी दे ना गं."

आई बघतच राहिली. "काऊन वं, अशी पाव्हन्यावानी काऊन बोलून राह्यली? मले भेव वाटते तुह्यासंग बोलाले."

भाकरी मीच उठून घेतली.

त्याच आठवड्यात बिल्ड फेल व्हायला लागला. कोडचा चालणारा प्रोग्रामच तयार होईना. बिघाडाचं कारण लॉगमध्ये, म्हणजे मशीन लिहितं त्या नोंदीत, दिसायला हवं, तर लॉग कोरा. बिल्ड करणारं प्लगइन, म्हणजे जोडीचा छोटा प्रोग्राम, चालायचं, पण एकही ओळ छापायचं नाही. तो दोन दिवस मशीन बंद-चालू करत बसला. मी बिल्डची फाइल ओळ न ओळ वाचली. प्लगइन आपले संदेश एका लायब्ररीकडे, म्हणजे बाहेरच्या तयार कोडकडे, देत होतं. ते पडद्यावर आणणारा जोडच फाइलमध्ये नव्हता. संदेश तिथेच मरत होते. मी एक ओळ घातली. लॉग धडाधड उतरला, आणि त्यात खरी चूकही सापडली.

पुण्याच्या पार्टीच्या कॉलवर मला नुसतं बाजूला बसवलं होतं. तो म्हणाला, "मी शोधलं."

पार्टीने विचारलं, "पण लॉग जात कुठे होता?"

त्याने कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "लिहून दे. पटकन."

मी कागद परत सरकवला. माइक ओढला.

"मी सांगतो. हे मी शोधलं हाय."

सगळं सांगितलं. मले-तुलेतच. कोणी पळालं नाही. उलट दोन प्रश्न आणखी विचारले, मलाच.

कॉल संपल्यावर मालक म्हणाले, "पुढच्या वेळी तू बसू नकोस."

"बसीन," मी म्हटलं. "अन् दुरुस्तीवर नाव माह्यं टाकीन."

जळणं थांबलेलं नाही. आधी त्याच्या जिभेवर जळायचे. आता त्याच्या खुर्चीवर जळते. ती मला पाहिजे. मागणार नाही. घेणार.