पिशवीतली मुडदुशी

किनाऱ्याजवळ ट्रॉलरना बंदी करणारा कायदा झाला तेव्हा आमच्या वाडीत पेढे वाटले. आमच्या घरी मात्र पेढ्यांचा पुडा फळीवर तसाच पडून राहिला, मुंग्या लागेपर्यंत. कारण बाबा रापणीचे म्होरके, आणि माझा दादा मिरकरवाडा बंदरातल्या एका ट्रॉलरवर खलाशी.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. अख्खी वाडी दोरीला लागायची आणि येईल ते वाटून घ्यायची. ट्रॉलर उथळ पाण्यात शिरून तळ खरवडून नेऊ लागले, तशी रापणीत मासळीपेक्षा शेवाळच जास्त यायला लागलं. बाबांनी अर्ज केले, मोर्चे काढले, कुणाकुणापुढे हात जोडले. शेवटी कायदा आला. पण मत्स्य खात्याच्या ऑफिसातला साहेब म्हणाला, बोटीचं नाव सांगा, साक्षीदार आणा, मग बघू. आता अंधारात लांबून बोटीचा दिवा दिसतो, नाव थोडंच दिसतं?

तेव्हापासून बाबांच्या डोक्यात दादाच्या बोटीचा संशय शिरला तो शिरलाच. त्यात वाडीतली माणसं तेल ओतायला तयारच. "तुमच्या घरात बोटीवरचा माणूस, आणि तुम्हाला ठाऊक नाही होय?" असं गोड हसून विचारायची. बाबा घरी येऊन नुसते धुमसत राहायचे.

दादा सकाळी बोटीवरून येताना कालवणापुरती मासळी पिशवीतून आणायचा. खलाशांना तेवढी मिळायचीच. पूर्वी त्या पिशवीचं कौतुक असायचं. आता मी अंगणात मासे साफ करायला बसले की बाबा पायरीवर येऊन बसत आणि एकेक मासा निरखत. जणू मी चोरीचा माल उघडत होते.

"ही कुठली गो?"

"समुद्रातली," मी म्हणायचे. डोक्यावर बसून कुणी काम करून घेतलेलं मला आजही खपत नाही.

पण खरं सांगते, माझं लक्षही पिशवीतच असायचं. मासा कुठल्या पाण्यातला हे आमच्याकडे पोरंसोरंही ओळखतात. पिशवीत सगळी खोल पाण्यातली मासळी निघाली की मला हायसं वाटायचं, आणि लगेच वाटायचं, आजच्यापुरतं वाचलो.

एका सकाळी मुडदुशी निघाली. काठाकाठाने वाळूत राहणारा, लांबट चंदेरी मासा. चांगली ओंजळभर होती. मी ती पाटीखाली सरकवणार तोच बाबांनी माझा हात धरला. त्यातली एक उचलून केळीच्या पानात गुंडाळली आणि सदरा अडकवायला आत गेले.

"कुठे निघालात?" आईने विचारलं.

"ऑफिसात. बोटीचं नाव ठाऊक होतंच. आता खातरी झाली."

"आणि साक्षीदार?"

"घरातच निजलाय."

आई दारात आडवी आली. "त्याचं पोट त्या बोटीवर आहे," ती म्हणाली. "पोराला साहेबापुढे उभं करून तुम्हाला काय मिळणार?" बाबांनी तिला हलकेच बाजूला केलं आणि एसटी गाठायला निघून गेले. आई तिथेच उंबऱ्यावर बसली. मला दोघांचाही राग आला, पण सगळ्यात जास्त दादाचा. मेल्याला पिशवी भरताना डोळे नव्हते का?

मी त्याला गदागदा हलवून उठवलं. "तुम्ही काठाजवळ येऊन मासे मारता ना? खरं सांग."

तो डोळे चोळत उठून बसला. "बोट तांडेलाच्या हातात, तो नेईल तिथे आम्ही जातो."

"मग ती मुडदुशी कशाला आणलीस घरात? बाबा ती घेऊन ऑफिसात गेले."

मला वाटलं, आता हा घाबरेल. त्याने फक्त विचारलं, "गेले?" आणि भिंतीला टेकला. "पिशवी मीच भरतो गो. मला काय मुडदुशी ओळखता येत नाही? मी आपणहून ऑफिसात गेलो तर उद्या मिरकरवाड्यात कुणी बोटीवर पाय ठेवू देणार नाही. बाबांनी साहेबाला आणलं, साहेबाने मला विचारलं, तर मी खरं ते सांगेन."

इतके दिवस आम्ही त्याच्यावर पाळत ठेवत होतो, आणि हा बाबांची वाट बघत होता. आईला जाऊन सांगितलं, तर ती रडायला लागली.

बाबा दिवेलागणीला परतले. पानातली मुडदुशी हातात तशीच होती, वास मारत होती. त्यांनी ती मांजरापुढे टाकली.

"साहेब नव्हते," ते म्हणाले.

दादा बोटीवर जायला निघाला होता. त्याने चपला घातल्या आणि तो गेला. पण साहेब दिवसभर ऑफिसातच होते. ऑफिसासमोर मासळी विकणारी आमची शेजारीण दुसऱ्या दिवशी आईला सांगून गेली. तुमचे हे समोरच्या झाडाखाली बसून होते म्हणाली, पायरीपर्यंत जात नि परत येऊन बसत.

त्या सकाळीही पिशवीत मुडदुशी होती, आदल्या दिवसापेक्षा जास्त. मी मुद्दाम मोठ्याने हाक मारली, "बाबा, मासे साफ करायला घेतेय." ते आतच बसून राहिले.

जेवताना आईने कालवण पुढे केलं, तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला. पुढे रापणीत आली तरी बाबांनी मुडदुशी कधी खाल्ली नाही.