शेजारच्या आबांची हरकत

हरतालिकेच्या आदल्या सकाळी आम्ही नांदगावचे भाड्याचे घर सोडून मालवणजवळच्या एका खाडीकाठच्या गावात, विकत घेतलेल्या घरात राहायला आलो. चतुर्थीची सुट्टी होती, म्हणून मुहूर्त तोच ठरला. टेम्पो फाटकात वळण्यापूर्वी शेजारच्या आबांनी पहिली हरकत घेतली. जगात जे घडते ते आपल्याला न विचारता घडते, ही आबांची मूळ तक्रार आहे आणि तिच्यातून भरती-ओहोटीही सुटलेली नाही.

"रे नांदगावकरा, टेम्पो खंय घालतंस? थंय माजा अळू आसा. हरकत आसा माजी!"

अळू आबांचे होते, हे खरे. ते आमच्या हद्दीत होते, हे नंतर कळले.

हरकत घेण्यापूर्वी आबा कुंपणावर दोन्ही कोपरे टेकतात, खाकरतात आणि पंचा एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतात. त्या दिवशी पंचा दुपारपर्यंत एका जागी राहिला नाही. तुळशीपुढे दिवा लागण्यापूर्वी फ्रिज आत गेला, हरकत. कपडे वाळत घालायची दोरी रस्त्याच्या बाजूला बांधली, हरकत. माझ्या बायकोने विहिरीवर पंप चालू केला तेव्हा, पंपाचा आवाज सभ्य घराला शोभणारा नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. देवळाच्या बैठकीत आबांनी एकदा स्वतःच मांडलेल्या सूचनेला स्वतःच हरकत घेतली होती, असे गावात सांगतात. तिघांकडे चौकशी केली. तिघांनीही दुजोरा दिला. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकी, आमच्यासाठी चहा घेऊन आल्या आणि आईला म्हणाल्या, "तुमी मनार घेव नकात, वयनी. आमच्या लग्नात ह्येनी मंगलाष्टकां थांबवल्यानी. भटाचो सूर चुकलो म्हणान!"

दिवसातली सर्वांत मोठी हरकत मात्र कपाटावर आली. माजघरात उत्तरेच्या भिंतीला आम्ही कपाट लावत होतो. आबा बाहेरून पाहत होते ते थेट आत आले.

"ता कपाट थंय लावू नको."

"कित्याक, आबानु?"

"हरकत आसा."

"पण कारण?"

"हरकतीक कारण लागता काय रे? सरकव पयला!"

वाद वाढू नये म्हणून कपाट दुसऱ्या भिंतीला नेले. आबा रिकाम्या जागेकडे बघून समाधानाने निघून गेले.

संध्याकाळी सामान सोडताना चादरीत गुंडाळलेला पाट निघाला आणि आईने सामान सोडणे थांबवले. आमच्याकडे गणपती बाजारातून आणत नाहीत. घरचा पाट आषाढातच गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवणाऱ्याकडे, जातो. त्याच पाटावर माती चढते आणि हरतालिकेला त्याच पाटावरून देव घरी येतो. नांदगावात शाळेचा माणूस घरोघर येऊन पाट नेत असे. त्या वर्षी तो आला तेव्हा आम्ही गाव सोडणार असे त्याने ऐकले, आमचा गणपती आता नव्या गावच्या शाळेत घडणार असे गृहीत धरले आणि परत गेला. पाट नेहमीप्रमाणे गेला, असे घरात प्रत्येकाला वाटत राहिले.

"घर गावला आणि देव हरवलो," आई म्हणाली. "इतक्या वर्सांत कधी खंड पडूक नाय."

दुसऱ्या दिवशी मी मोटारसायकलवरून कट्टा गावापर्यंतच्या गणपतीच्या सगळ्या शाळा पालथ्या घातल्या. मूर्ती भरपूर होत्या, पण प्रत्येक पाट कुणाचा तरी होता. बाजारात तयार मूर्ती मिळत होती. आईने नकारार्थी मान हलवली. पाट मोकळा ठेवून परक्या फळीवर देव बसवायचा तिला धीर होईना. तिने हरतालिकेच्या उपासाचे फळही खाल्ले नाही आणि पाट मांडीवर घेऊन ओटीवर बसून राहिली. कुंपणापलीकडून आबा हे सगळे बघत होते. त्यांनी एकदा एवढीच विचारणा केली, की म्हातारी वाऱ्यात का बसली आहे. त्यालाही हरकतच म्हणावी लागेल.

तिन्हीसांजेला आबा फाटकातून आले. दोन्ही हातांत पाट, पाटावर गणपती, मूर्तीच्या तोंडावर रुमाल. मागे काकी, माटवीला, म्हणजे देवाच्या डोक्यावर टांगायच्या चौकटीला, बांधायचे सामान घेऊन: नारळ, काकड्या, सुपारीचे घोस. आबा माजघरात गेले आणि उत्तरेच्या भिंतीशी, कपाटाच्या सुटलेल्या जागेत, थांबले.

आई उठून मागोमाग आत आली. "ह्यो कोणाचो गणपती, आबानु?"

"ह्या घराचो."

आम्हाला घर विकणारे कुटुंब पूर्वीच मुंबईला गेले, तेव्हा त्यांचा पाट आबांनी ठेवून घेतला होता. घर बंद असतानाही ते दरवर्षी तो शाळेत देत, स्वतःच्या घरचा गणपती आणून झाला की दुसऱ्या खेपेला हा आणत, कुलूप काढून इथे बसवत आणि दोन्ही घरी आरती करत.

"माणसां येतत, जातत. ह्यो हयच येता," आबा म्हणाले.

"मगे कालपासून सांगूचा नाय? माजो जीव गेलो हो!"

"तुमी इचारल्यात खंय?"

आई रडता रडता हसली. मग तिने आपला पाट पुढे केला. आबांनी तो उलटासुलटा करून पाहिला, खाकरले आणि पंचा दुसऱ्या खांद्यावर घेतला. पाट बरा आहे, पण एक पाय डगमगतो, अशी हरकत नोंदवून त्यांनी तो खाली ठेवला, त्यावर या घराचा पाट मूर्तीसकट चढवला आणि देव बसला. त्यानंतर दरवर्षी देव त्याच दोन पाटांवर बसतो. डगमगणाऱ्या पायाखाली आबांनी घडी करून दिलेला पुठ्ठा अजून आहे.

यंदा आबा नाहीत. गुडघ्यांच्या उपचारासाठी मुलाने दोघांना मुंबईला नेले आहे. आषाढात त्यांचा पाट आमच्या पाटाबरोबर शाळेत गेला. हरतालिकेला मी दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेला शेजारचे कुलूप काढले, आईने दिवा लावला आणि काकींच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल करून आबांना मूर्ती दाखवली.

आबांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग खाकरले.

"समई खंय ठेवलंस रे, नांदगावकरा? हरकत आसा."

समई उजवीकडे सरकवली.